गच्चीवरचं व्याख्यान

समजावून सांगितलं की माणसाला समजतं, असं मी चोवीस वर्षं धरून चालले होते. शास्त्राची शिक्षिका दुसरं काय धरून चालणार? शाळेत समजावायचे, घरी समजावायचे, भाजीवालीला फळभाज्या ओल्या गोणपाटाखाली का सडतात ते समजावायचे. माझा नवरा म्हणायचा, तू समजावायला लागलीस की समोरचा आधी घड्याळ बघतो. मला तो विनोद वाटायचा.

एचआयव्ही झालेल्या बायकांसाठी आम्ही डोंबिवलीत एक घर चालवत होतो, त्या घराचं हे सांगते आहे. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. आम्ही म्हणजे मी आणि एक सिस्टर. सिस्टर ठाण्याच्या एका दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. तिथे शेवटची काही वर्षं त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. नवरा त्या आजाराने जायचा, मग बायकोचं रक्त तपासलं जायचं, आणि सासरचे तिला वॉर्डात ठेवून जे जायचे ते परत यायचेच नाहीत. बाई जरा बरी झाली, घरी पाठवायची वेळ आली, की कागदावरचा पत्ता खोटा निघायचा. एकीला सिस्टरनी शेवटी आपल्या घरी नेलं. दुसरी आली तेव्हा घरात जागा उरली नाही आणि त्यांनी मला गाठलं. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी, एवढीच ओळख.

आमचं घर म्हणजे दवाखाना नव्हता. पाच कॉट, एक गॅस, एक कपाट. बायका आपला स्वयंपाक आपण करायच्या, गोळ्या वेळेवर घ्यायच्या. सिस्टर सकाळ-संध्याकाळ यायच्या, मी शाळा सुटल्यावर. कोणाला ताप चढला तर उशाशी कोणीतरी असायचं. त्या आजारावरचं खरं औषध तेव्हा आमच्या आवाक्यात नव्हतं. टीबीवर गोळ्या होत्या, जुलाबावर होत्या, तोंड आलं तर लावायला औषध होतं. सिस्टर म्हणायच्या, "बाई, यांचं निम्मं औषध म्हणजे जागा. रात्री कोणी उठवून बाहेर काढणार नाही एवढी खात्री असली की अंगावर मूठभर मांस चढतं." मला हे अतिशयोक्त वाटायचं. मी वजनं घेऊन पाहिली. चढायचं.

पण जागा टिकत नव्हती. पहिली कल्याणला घेतली. अकरा महिन्यांचा करार, चौथ्या महिन्यात समोरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने सिस्टरना त्या वॉर्डातल्या म्हणून ओळखलं आणि आठ दिवसांत आम्ही रस्त्यावर. दुसरी शहाडला, नदीच्या बाजूला. तिथे सात महिने निघाले. मालकाच्या वहिनीने आमच्यातल्या एकीला वॉर्डात पाहिलं होतं, ती नेमकी पाहुणी म्हणून आली. दोन्ही वेळा एकच झालं. बाहेरून कळलं, अर्धवट कळलं, आणि मग "आम्हाला फसवलंत" म्हणून लोक अंगावर आले. माझ्या मनात तेव्हापासून पक्कं बसलं की आपलं लपवणंच चुकतं आहे. आधी आपण सांगायला हवं, नीट, शास्त्रशुद्ध.

तिसरी जागा डोंबिवलीची. तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा ब्लॉक, मागे दार, दाराबाहेर मोरी आणि तुळस. मालक ठाण्याला राहायचे. त्यांना मी सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मला सांगितलंत, पुरे. आता आणखी कोणाला सांगू नका." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, भित्रा माणूस.

या तिन्ही जागांत आमच्याबरोबर असलेली एकच बाई होती. ती कोळीण, खाडीकाठच्या एका गावातली, तिशी नुकती ओलांडलेली. नवरा होडीवरून उतरून ट्रकवर चढला आणि चार वर्षांत गेला. सासरच्यांनी तिचं अंथरूण आधी ओट्यावर आणलं, मग अंगणात, मग तिला दवाखान्यात. हे ती रडून सांगायची नाही. चिडून सांगायची, शिव्या देऊन. आवाज खणखणीत. डोंबिवलीतल्या त्या कुजबुजत बोलणाऱ्या बिल्डिंगीत तिचं "गो बाय" मागच्या दारातून तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचं.

आमच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, एक काकू राहत. मासे म्हणजे त्यांचा जीव की प्राण. फाटकाशी मासेवाली आली की काकू गॅलरीतून घासाघीस करायच्या आणि हमखास फसायच्या. एकदा आमच्या कोळिणीला राहवलं नाही. ती मागच्या दारातून ओरडली, "काकी, तो हलवा घेव नका, कल्ले बगा त्याचे, परवाचा हाय!" त्या दिवसापासून काकूंची खरेदी तिच्या हाती गेली. पुढे तर काकू मासे घेऊन खालीच यायच्या आणि ही मोरीवर बसून साफ करून, तुकडे पाडून द्यायची. बोंबलाचा काटा ती असा ओढून काढायची की बघत राहावं. काकू वरून कधी सोलकढी पाठवायच्या, कधी कोथिंबीर वडी. पातेलं रिकामं करून विसळून परत जायचं, वर ठेवलं जायचं, पुन्हा भरून यायचं.

मला मात्र याने झोप येईना. सिस्टरना विचारलं, त्या म्हणाल्या शिजवलेल्या माशातून काय होणार आहे, बोट कापलं तर ती माझ्याकडून पट्टी बांधून घेते, हात धुते, तुम्ही गप्प बसा. ते मलाही ठाऊक होतं, मीच तर मुलांना शिकवायचे. माझं दुखणं वेगळं होतं. काकू अंधारात आहेत, आपण त्यांना अंधारात ठेवलं आहे, उद्या कळलं तर शहाडसारखंच व्हायचं. त्यापेक्षा आपणच उजेड पाडावा.

मी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटले. ते रेल्वेतून निवृत्त, अत्यंत सभ्य, बोलताना दोन्ही हात जोडलेले. मी म्हटलं, एड्सविषयी गैरसमज या विषयावर तुमच्या सभासदांसाठी व्याख्यान द्यायचं आहे. ते खूश झाले. डोंबिवलीत व्याख्यानाला नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. प्रजासत्ताक दिनाला सोसायटीचा सत्यनारायण असायचा, त्याच्या आधीचा रविवार ठरला. जागा गच्ची.

मी हे घरात सांगितलं. कोळीण तांदूळ निवडत होती. तिने ताट खाली ठेवलं.

"बाई, कनाला सांगताव? नाय सांगितलं तवर चाललंय ना?"

मी समजावलं. कल्याणचं सांगितलं, शहाडचं सांगितलं. लोक वाईट नसतात, त्यांना माहिती नसते. माहिती दिली की भीती जाते.

"भीती जाते?" ती म्हणाली. "माझ्या सासऱ्याला डॉक्टरनं दोन वेळा समजावलं. सगला समजला तो. मग अंथरूण अंगणात टाकलं."

"ते गाव होतं. ही शिकलेली माणसं आहेत."

तिने माझ्याकडे जे पाहिलं ते आज आठवलं की कानशिलं तापतात. मग म्हणाली, "हितनं काढलं तर मी चवथ्या घरात नाय यायची. सांगून ठेवते." आणि ताट उचलून पुन्हा तांदूळ निवडायला लागली. ती गंमत करत नव्हती हे मला कळत होतं. तिच्याजवळ त्या मागच्या दाराखेरीज काही नव्हतं. तरी मी तारीख बदलली नाही.

सिस्टरही म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई." मी म्हटलं, मूठ झाकून कुठे समाज बदलतो का? सिस्टरनी कपाळाला हात लावला आणि सुई उकळायला ठेवली.

व्याख्यान अप्रतिम झालं. हे मी आढ्यतेने म्हणत नाही, आजही म्हणेन. गणपतीतला माइक, शाळेतून आणलेला फळा, खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून सतरंज्या. बावीस ब्लॉकमधलं जवळपास प्रत्येक घर आलं होतं. मी विषाणूचं चित्र काढलं. कशाने पसरतो, कशाने पसरत नाही, दोन रकाने केले. प्रश्नही काय एकेक! एका इंजिनियर गृहस्थांनी पाण्याच्या सामाईक टाकीविषयी विचारलं, एकीने डासांविषयी, एकाने न्हाव्याच्या वस्तऱ्याविषयी. मी सगळ्यांना उत्तरं दिली. एका मुलीने विचारलं की अशा माणसाच्या ताटात जेवलं तर? मी म्हटलं, खुशाल जेव. टाळ्या पडल्या. आणि मग, त्या टाळ्यांच्या जोरावर, मी शेवटचं वाक्य बोलले. म्हटलं, अशा पाच भगिनी आज तुमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात, आणि आजारामुळे कोणालाही वाळीत न टाकणारे सुजाण शेजारी त्यांना लाभले आहेत याचा मला अभिमान आहे.

मग पुन्हा टाळ्या. थोड्या कमी, पण टाळ्याच. सेक्रेटरींनी आभार मानले, "डोळे उघडणारं विवेचन" म्हणाले, मला शाल आणि श्रीफळ दिलं. काकू पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, "बाई, आता आमच्या सभासदांची पाच मिनिटं अंतर्गत बैठक आहे. सत्यनारायणाचं ठरवायचं असतं ना."

मी शाल खांद्यावर टाकून जिने उतरले. खाली येऊन म्हटलं, बघा, टाळ्या ऐकल्यात? कोळिणीने नारळ हातातून घेतला, उंबऱ्याशी फोडला आणि त्याचंच कालवण केलं. आम्ही जेवत होतो तेव्हा वर बैठक चालू होती. जिन्यावरून अजून कोणी खाली उतरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ठरावाची प्रत आली. सुवाच्य अक्षर, एकही शुद्धलेखनाची चूक नाही. सोसायटीतले गाळे केवळ कौटुंबिक निवासासाठी असून त्यांचा संस्थात्मक वापर करता येणार नाही, सबब संबंधित सभासदाने एक महिन्यात गाळा पूर्ववत करावा. आजाराचा उल्लेखसुद्धा नव्हता. असणार कसा? आजारामुळे कोणाला वाळीत टाकायचं नाही हे मीच तासभर शिकवलं होतं, आणि माझे विद्यार्थी हुशार निघाले. खाली दोन नावं होती. सूचक, सेक्रेटरी. अनुमोदक, काकू.

मी तशीच वर गेले. काकूंनी दार उघडलं, बसा म्हणाल्या. मी बसले नाही. जे तोंडाला येईल ते बोलले. तुमचे मासे कोण साफ करून देत होतं, ती सोलकढी खोटी होती का, शास्त्र कळूनही माणूस असा कसा वागतो. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग पदराने गळा पुसला.

"बाई, मला दिवाळीपासून माहीत आहे. तुमच्या कचऱ्याच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं असतात. माझा मुलगा औषधांच्या कंपनीत आहे, मी ती त्याला दाखवली. टीबीचं, जुलाबाचं, तोंड आल्याचं, सगळं एकाच घरातलं म्हटल्यावर त्याने ओळखलं."

"दिवाळीपासून?"

"हो. पहिल्यांदा चार दिवस मासे आणले नाहीत. मग वाटलं, शिजवूनच खातो की. पुन्हा आणायला लागले."

"मग हात का वर केलात? अनुमोदन का दिलंत?"

"सगळ्यांसमोर विचारलं ना!" काकूंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही त्यांच्या बरोबर वर राहता, तुमचं काय म्हणणं? बावीस घरं माझ्याकडे बघत होती. माझी मुलगी बाळंतपणाला येणार आहे पुढच्या महिन्यात. मी नाही म्हटलं असतं आणि उद्या तिच्या सासरी कोणी सांगितलं असतं, तर? तुम्ही बोलला नसतात तर मला कोणी विचारलं नसतं. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही माहीत होतं, बाई. सगळे गप्प होते. तुम्हालाच कोणी गप्प बसायला शिकवलं नाही."

याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात आणि ते मी माइकवरून दाखवलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पश्चात्ताप झाला नाही. संताप झाला. माहीत असून माहीत नसल्यासारखं राहायचं, आणि विचारलं की हात वर करायचा, याला काय माणुसकी म्हणायची? आणि तरीही तीच माणुसकी त्या पाचजणींना तीन महिने घर देत होती, माझ्या शास्त्राने तर एक दिवसही दिलं नाही. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात अजून एकत्र बसत नाहीत.

मालकांकडे गेले. "नाइलाज आहे," म्हणाले. मी तुम्हाला सांगितलं होतं, असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. दोघी सिस्टरच्या घरी गेल्या, एकीला तिच्या बहिणीने नेलं, एक परत वॉर्डात. कोळीण महिना भरायच्या आत, मी शाळेत असताना, आपलं गाठोडं घेऊन गेली. मोरी घासून गेली होती.

तिचं माहेर शोधायला मला दीड महिना लागला. शीळफाट्याला उतरून टमटम, मग बांधावरून चालत. भावाने तिला घराशेजारची खोप दिली होती, जाळी ठेवायची. जाळी एका बाजूला, तिची चटई दुसऱ्या बाजूला. तिचं ताट, तिचा पेला, तिची बादली, सगळं वेगळं, उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. वजन उतरलेलं नुसत्या डोळ्यांना कळत होतं.

मी समजावायला बसले. हो, तिथेही. कल्याणला जागा पाहते आहे, सिस्टर आहेतच, गोळ्या मध्येच सोडल्या तर टीबी उलटेल, इथे ओल आहे, खोकला वाढेल. ती जाळ्याची गाठ सोडवत ऐकत होती. माझं संपल्यावर तिने एका पेल्यात चहा ओतून दिला. मी प्यायले. प्यायले आणि पेला तिच्या वहिनीपुढे धरला, ती दारातून बघत होती. वहिनी दोन पावलं मागे सरकली. "ऱ्हाव द्या ताई, तो तिचाच हाय," म्हणाली.

"असं राहायचं तुला?" मी विचारलं. "यांच्यात?"

"हितं सगल्यांना ठाव हाय," ती म्हणाली. "आता कुनी नव्यानं कलून मना भायेर काडनार नाय. जिती वाईट वागायची तिती वागून झाली."

"अगं, पण तिथे तुझी नीट काळजी..."

"बाई." तिने हातातलं जाळं खाली ठेवलं. आवाज खणखणीत नव्हता आता, पण शब्द न् शब्द स्वच्छ होता. "तुमी लय केलंव माझ्यासाठी, मी नाय नाय बोलत. पन मना जागा पायजे होती. तुमना मानसं सुधरायची होती."

मी उठले. बांधावरून परत येताना मी तिच्यावर चिडले होते. किती कृतघ्न, असंसुद्धा मनात आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं. शीळफाट्याला बसची वाट बघत तासभर उभी होते आणि त्या तासात सेक्रेटरी, काकू, मालक, तिचा सासरा, सगळ्यांवर चिडून झालं. मग चिडायला एकच माणूस उरला, गच्चीवर माइक धरून बोललेली शिक्षिका. बस आली तेव्हा तिच्यावर चिडणं चालू होतं आणि घरी पोचेपर्यंत संपलं नाही.

कोळीण आषाढात गेली. भावाचा निरोप सिस्टरना आला, तोही आठवड्याने.

कल्याणची जागा तोवर मिळाली होती. पुन्हा अकरा महिन्यांचा करार, पुन्हा पाच कॉट. चार भरल्या. पाचवी मी रिकामी ठेवली होती, काही ना काही कारण सांगून. सिस्टरनी दोन आठवडे पाहिलं आणि मग म्हणाल्या, "कॉट आहे ती, बाई. वॉर्डाच्या व्हरांड्यात एक पोरगी चार दिवस बसून आहे."

दुसऱ्या दिवशी तिला आणलं. वीस-बावीसची, खांद्यात आक्रसलेली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालत होती.

"बाई, इथल्या लोकांना माहीत आहे का आमचं?"

माझ्याकडे उत्तरं खूप होती. तासभर पुरतील एवढी. "कोणी विचारलेलं नाही," मी म्हटलं. तिने सुस्कारा सोडला आणि पिशवी खाली ठेवली, आणि मला माझाच इतका राग आला की मी आत जाऊन उगाचच घासलेली भांडी पुन्हा घासली.